कमी मार्क लिहायचे की झाकायचे?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेनऊची वेळ. ओटा पुसून नुकती टेकले होते, तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला. आमच्या ताई फोनवर एरवी आधी भाजीचे भाव, मग गुडघेदुखी आणि शेवटी मूळ मुद्दा अशा क्रमाने बोलतात. त्या दिवशी मात्र थेट मुद्द्यावरच आल्या.

“वहिनी, आता तूच समजाव तिला. माझं काही ऐकत नाही. दहा मार्कांपायी पोरगी हातची नोकरी घालवणार बघ!”

‘ती’ म्हणजे माझी भाची. पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात नोकऱ्या द्यायला कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि पोरीच्या मनात भरली होती कन्सल्टिंगची नोकरी. फॉर्म आला. त्यात दहावी, बारावी, पदवी, सगळ्याचे टक्के मागितलेले. दहावीला ८९.४०, तिथे काही प्रश्न नव्हता. पदवीचंही उत्तम. अडलं ते बारावीवर. २०१९ ची बारावी सायन्स, ६५० पैकी ३८०. म्हणजे ५८.४६ टक्के. आणि कंपनीची अट होती, सगळीकडे किमान ६०. साठ टक्क्यांना ३९० मार्क लागतात. बरोब्बर दहा मार्क कमी! त्यात भर म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी दिलेली ‘कॅट’ परीक्षा. तिथे ७१ पर्सेंटाइल. तो स्कोअर बायोडेटात घालायचा की नाही, हा दुसरा घोळ.

ताईंचं म्हणणं साधं होतं. “साठ लिहून टाक म्हणावं. एवढ्या मोठ्या कंपनीत बारावीचं मार्कशीट बघायला कोणाला वेळ आहे?”

भाचीला फोन लावला तर ती म्हणाली, “मामी, खोटं मी लिहिणार नाही. पण खरं लिहिलं तर पहिल्याच चाळणीत उडणार. मग अर्जच करू नको का?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त माझ्या भाचीचा नाही. आज आपल्या तालुक्याच्या गावातून कितीतरी मुली पुण्या-मुंबईला शिकायला जातात. एमबीए करतात, इंजिनिअर होतात. आणि नोकरीच्या फॉर्मपाशी आल्यावर कधीकाळचे कमी मार्क पुन्हा दारात येऊन उभे राहतात. अशा वेळी मुलगी आईला विचारते, आई मावशीला विचारते आणि सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, ‘कोण बघतंय?’ आपल्याला सवयच आहे म्हणा. लग्नाच्या बायोडेटात सावळ्या मुलीला ‘गव्हाळ’ लिहिणाऱ्या आपणच! पण नोकरीचा बायोडेटा आणि लग्नाचा बायोडेटा यांत फार फरक आहे. तो नीट समजून घ्यायला मला स्वतःला वीस वर्षं लागली. ते पुढे सांगतेच.

सल्ला विकणाऱ्या कंपन्या

आधी कन्सल्टिंग म्हणजे काय ते थोडक्यात. विहीर खणायच्या आधी आपल्याकडे जाणत्या माणसाला बोलावून जागा दाखवतात ना, तसंच काहीसं. एखाद्या कारखान्याचं उत्पादन घटलं, एखाद्या हॉस्पिटलला दुसऱ्या शहरात शाखा काढायची आहे, सरकारला एखादी योजना राबवायची आहे, की या कंपन्यांना बोलावतात. त्यांची चार-पाच माणसं काही आठवडे, काही महिने तिथे बसतात, आकडे तपासतात, माणसांशी बोलतात आणि काय करावं ते सांगतात. सल्ला हाच त्यांचा माल. या धंद्यातली सगळ्यांत नावाजलेली मॅकिन्झी ही कंपनी १९२६ मध्ये शिकागोत सुरू झाली आणि ती काढणारे जेम्स मॅकिन्झी हे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. बीसीजी १९६३ ची, बेन १९७३ ची. शिवाय डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या ऑडिटच्या मोठ्या कंपन्याही हे काम करतात. पगार चांगला, काम दमवणारं आणि एका जागेसाठी अर्ज मात्र ढिगाने!

मार्क का विचारतात, ते इथे कळतं. ज्यांच्या पुढ्यात अर्जांचा ढीग पडतो त्यांना पहिली चाळण हवी असते. दळण टाकायच्या आधी आपण गहू चाळतो तशी. चाळणीला गव्हाची चव कळत नाही, तिला फक्त आकार कळतो. मार्कांची अट ही तशी चाळण आहे. ती तुमच्या मुलीची किंमत ठरवत नाही, फक्त ढीग कमी करते.

आणि हे आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी कॉलेज प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा देतात. मॅकिन्झी आणि बेनसारख्या कंपन्या पदवीधर झालेल्या मुलांना नोकरी देतानाही तो जुना स्कोअर विचारतात, अशी बातमी तिथल्या वॉल स्ट्रीट जर्नलने २०१४ मध्ये दिली होती. म्हणजे आपली बारावी जशी पाठ सोडत नाही, तशी त्यांची सॅट!

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, इंग्लंडमध्ये पीडब्ल्यूसीने नव्या मुलांची भरती करताना बहुतेक जागांसाठी बारावीच्या तोडीच्या मार्कांची अट काढून टाकली. त्याच वर्षी तिथल्या ईवायनेही मार्कांची किमान अट रद्द केली. कॉलेजात चांगले मार्क म्हणजे पुढच्या व्यावसायिक परीक्षांत यश, असा काही पुरावा आपल्याला सापडला नाही, असं त्यांनी सांगितलं. २०२२ मध्ये पीडब्ल्यूसीने इंग्लंडमध्ये पदवीच्या वर्गाची अटही काढली. म्हणजे चाळणी लावणाऱ्यांनाही आपल्या चाळणीची शंका येतेच आहे. आपल्याकडे मात्र कॉलेजात येणाऱ्या पुष्कळ कंपन्यांची ‘सगळीकडे साठ’ ही अट अजून आहे, आणि आपल्या मुलींना तिच्यातूनच वाट काढायची आहे.

मी चाराचा पाच केला होता

आता माझी गोष्ट. ही आजवर मी घरातही फारशी सांगितलेली नाही.

मला बारावी आर्ट्सला ४७ टक्के होते. पुढे बी.ए. झाले, लग्न झालं, मुलगा झाला. २००५ च्या सुमाराला आमच्या जिल्ह्यात एका संस्थेला बचत गटांच्या कामासाठी समन्वयक हवी होती. बायकांमध्ये काम करायची मला आवड. फॉर्म आणला. शिक्षणाचा तक्ता भरताना बारावीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ४७ लिहायची लाज वाटली. मी चाराचा पाच केला. ५७.

मुलाखत छान झाली. मॅडम म्हणाल्या, “तुमच्यासारखीच हवी होती. सोमवारी रुजू व्हायला या आणि येताना मूळ सर्टिफिकेटं घेऊन या.”

मी सोमवारी गेलेच नाही.

घरी सांगितलं, लांब पडतं, मुलाची आबाळ होईल. सगळ्यांनी मान डोलावली. मला कोणी पकडलं नाही, कोणी काही बोललं नाही. पण हातात आलेली नोकरी मी माझ्याच हाताने घालवली. वर्षभराने एका कार्यक्रमात त्या जागेवर लागलेली बाई भेटली. गप्पांत समजलं, त्या जागेला अट फक्त पदवीची होती. बारावीचे मार्क नुसते माहितीसाठी विचारले होते. आणि तिला बारावीला होते ४५!

त्या रात्री मला झोप लागली नाही. ४७ नी माझं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं ते ५७ नी.

ही गोष्ट मी भाचीला फोनवर सांगितली. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मामी, आईला सांगितलीस का गं ही?” म्हटलं, “नाही, आधी तुला.”

विचारलेलं आणि न विचारलेलं

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर तिचा फॉर्म आणि तिचा बायोडेटा समोर ठेवला. तेव्हा लक्षात आलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो.

फॉर्म कंपनीचा असतो. त्यातले रकाने त्यांचे, प्रश्न त्यांचे. खाली एक ओळ असते, ‘वरील माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होईल’. त्याखाली आपण सही करतो किंवा खूण करतो. तिथे जे विचारलंय त्याचं उत्तर मार्कशीटवर असेल तेच. ५८.४६ म्हणजे ५८.४६. साठ तर नाहीच, पण ५९ सुद्धा नाही. अगदी ५९.६ असले तरी त्याचे आपण होऊन साठ करायचे नाहीत. ग्रेड पॉइंटचे टक्के करायचे तर विद्यापीठाने दिलेल्या सूत्रानेच करायचे, आपल्या सोयीच्या सूत्राने नाही.

आणि ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांना सांगते, बघतात! आजकाल नोकरी पक्की करताना मोठ्या कंपन्या कागदपत्रांची पडताळणी दुसऱ्या संस्थेकडून करून घेतात. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये असतं, चार बटणं दाबली की समोर. कधी रुजू व्हायच्या आधी पकडतात, कधी रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. घर भाड्याने घेतलेलं, आईने सगळ्या आळीत पेढे वाटलेले आणि मुलगी बॅग घेऊन परत दारात! दहा मार्कांची लाज मोठी की ही?

बायोडेटा मात्र आपला असतो. ते एक पान आपण ठरवून भरायचं. तिथे न विचारलेली कमकुवत गोष्ट स्वतःहून सांगायलाच हवी, असा काही नियम नाही. पाहुण्यांपुढे ताट वाढताना करपलेली पोळी आपण वाढत नाही. ते खोटं नसतं. पण त्यांनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, ‘एखादी करपली का?’ तर ‘नाही’ म्हणायचं नाही.

या हिशेबाने कॅटचा निकाल लावला. इथे आयांसाठी एक गोष्ट सांगते, कारण मलाही आधी कळली नव्हती. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७१ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरातल्या साधारण ७१ मुलांच्या पुढे. कॅटला अलीकडे तीन लाखांच्या आसपास मुलं बसतात. म्हणजे जवळजवळ दोन लाख मुलं आपल्या पोरीच्या मागे! तरी कन्सल्टिंगच्या जगात तो स्कोअर कमीच धरतात, कारण तिथे नव्वदीच्या वरच्या मुलांची गर्दी. भाचीने परीक्षा दिली २०२३ मध्ये, प्रवेश मिळाला तो राज्याच्या सीईटीतून, आणि कॅटचा स्कोअर प्रवेशाच्या एका वर्षापुरताच चालतो. ना तो स्कोअर कंपनीने मागितला, ना त्याने तिचं काही भलं होणार. काढून टाकला.

मग तिने विचारलं, “मामी, त्यातल्या गणिताच्या भागात मला ८८ पर्सेंटाइल होते. तेवढेच लिहू?” मोह होण्यासारखंच होतं. पण मी म्हटलं, लिहायचं तर दोन्ही लिही, नाहीतर काहीच नको. नुसते ८८ बघून समोरचा पहिला प्रश्न विचारणार, ‘एकूण किती?’ तिथे चेहरा उतरला की खरं असलेलं ८८ सुद्धा खोटं वाटायला लागतं. तिच्या कॉलेजातल्या सरांचं मत थोडं वेगळं पडलं. ते म्हणाले, आकड्यांचं काम आहे, तर गणिताचा स्कोअर लिहायला हरकत नाही, फक्त एकूण स्कोअर तोंडावर तयार ठेव. तेही पटण्यासारखं आहे. शेवटी तिने नाहीच लिहिला. म्हणाली, “तेवढ्या ओळीत दुसरं काहीतरी लिहिते.”

परदेशी शिक्षणासाठी जीमॅट किंवा जीआरई दिलेल्या मुलींनी अजून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, या परीक्षा पुन्हा देता येतात, स्कोअर पाच वर्षं चालतो आणि कोणता स्कोअर कॉलेजला पाठवायचा ते आपल्याला निवडता येतं. तेव्हा एकदा कमी पडले म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. दुसरं म्हणजे, जीमॅट नोव्हेंबर २०२३ पासून बदलली आहे. आधी ती २०० ते ८०० ची होती, आता २०५ ते ८०५ ची. आकडे सारखे दिसले तरी मोजमाप वेगळं. नव्या परीक्षेतले ६४५ हे जुन्या ७०० च्या जवळपास धरतात. म्हणून स्कोअर लिहिताना नवी की जुनी परीक्षा तेही लिहावं. नाहीतर चांगला स्कोअर उगाच कमी समजला जायचा!

रिकाम्या ओळीत काय लिहायचं?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. कमी मार्क झाकण्यात आपण जेवढी शक्ती घालवतो, तेवढी चांगलं दाखवण्यात घालवतो का?

भाचीच्या बायोडेटात एक ओळ होती, ‘दूध संघात दोन वर्षे कामाचा अनुभव’. बस्स! मी म्हटलं, अगं, तिथे काय केलंस ते लिही की. “त्यात काय लिहायचं मामी, हिशेबाचं काम होतं.” मग हळूहळू खोदून विचारलं. बी.एस्सी.ला तिचा विषय संख्याशास्त्र. संघात कामाला असताना तिच्या लक्षात आलं की काही संकलन केंद्रांचं दूध उन्हाळ्यात वारंवार आंबट लागून परत येतं. सगळे गवळ्यांना दोष देत होते. हिने तीन महिन्यांची रजिस्टरं घेतली, केंद्राप्रमाणे आणि टँकरच्या वेळेप्रमाणे तक्ता केला. आंबट दूध येत होतं ते बहुतेक टँकरच्या फेरीत सगळ्यांत आधी भरलेल्या केंद्रांचं. दूध बिचारं उन्हात सगळा तालुका फिरून यायचं! तिने फेरीचा क्रम बदलायला सुचवलं, साहेबांनी तो बदलला आणि परत जाणारे कॅन कमी झाले.

आता सांगा, कन्सल्टिंग म्हणजे दुसरं काय असतं? प्रश्न बघितला, आकडे गोळा केले, खरं कारण शोधलं, उपाय सांगितला. पोरीने हे काम पगार घेऊन केलंय आणि बायोडेटात लिहायला लाजते! आपल्या मुलींचं हे नेहमीचंच. कमी मार्क डोळ्यांत सलतात आणि केलेलं काम ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून देतात. कॅटच्या जागी दूध संघ आला.

मुलाखतीतही याचाच उपयोग होतो. या कंपन्या मुलाखतीत ‘केस’ देतात, म्हणजे धंद्यातला एखादा प्रश्न देऊन तो तिथेच सोडवायला सांगतात. कधी विचारतात, पुण्यात रोज किती लिटर दूध लागत असेल? अचूक आकडा कोणालाच नको असतो. माणसं किती, घरं किती, घरटी दूध किती, वर चहाच्या टपऱ्या आणि मिठाईवाले किती, असं पायरीपायरीने कसा विचार करता ते बघतात. महिन्याचा किराणा अंदाजाने भरणाऱ्या कोणत्याही बाईला हे जमेल!

तीन वाक्यं

आता राहिली बारावी. फॉर्मात लिहिली, म्हणजे मुलाखतीला बोलावलं तर प्रश्न येणार. त्यासाठी तिने तीन वाक्यं तयार केली. काय झालं, हे पहिलं. त्यात माझी जबाबदारी काय होती, हे दुसरं. नंतर मी काय करून दाखवलं, हे तिसरं. रडगाणं नाही, बोर्डाला दोष नाही, पेपर अवघड होता वगैरे काही नाही.

बारावीच्या वर्षी काय झालं होतं, ते आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं. २०१९ च्या जानेवारीत तिच्या बाबांची बायपास झाली. ताई त्यांच्यापाशी पुण्याला. घरी अंथरुणाला खिळलेली आजी आणि दहावीतला धाकटा भाऊ. बोर्डाची परीक्षा दोघांचीही. पण स्वयंपाक, आजीचं सगळं, भावाचा डबा, हे कोणाकडे आलं ते तुम्हाला सांगायला नकोच. भावाचा क्लास एक दिवसही बुडला नाही.

ही तीन वाक्यं तिने मला वाचून दाखवली तेव्हा ताई फोनवर होत्याच. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, ते मार्क तिचे नाहीतच गं. माझे आहेत. दहावीतल्या पोराला चहासुद्धा करू दिला नाही मी आणि बारावीतल्या पोरीवर घर टाकून गेले. म्हणून मला तो आकडा कुठे दिसायलाच नको होता.”

काय बोलणार यावर? भाचीच म्हणाली, “आई, तू तेव्हा काय करणार होतीस? आणि ते मला लपवायचं नाहीये गं. मी सांभाळलं ना सगळं.”

मैत्रिणींनो, मुलीच्या मार्कशीटवरचा आकडा पुष्कळदा घराची कहाणी सांगत असतो. आजारपण, भावंडं, पाहुणेरावळे, एकुलता एक टेबलफॅन कोणाच्या खोलीत, हे सगळं त्या टक्क्यांत मिसळलेलं असतं. मग त्या आकड्याची लाज एकट्या मुलीने का बाळगायची? आणि आपण तिला तो खोडायला का सांगायचं?

इथे मला इंद्रा नूयी यांची आठवण होते. १९७८ मध्ये त्या शिकायला अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या. उन्हाळी कामाच्या पहिल्या मुलाखतीला त्यांनी कसाबसा विकत घेतलेला, अंगाला न बसणारा सूट घातला आणि फार ओशाळल्या. विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, ‘भारतात असतीस तर काय नेसली असतीस?’ ‘साडी.’ ‘मग तीच नेस!’ पुढची मुलाखत त्यांनी साडीत दिली आणि काम मिळालं. ती कंपनी होती बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन, कन्सल्टिंगचीच! शिक्षण संपल्यावर त्या बीसीजीत लागल्या आणि पुढे पेप्सिकोच्या प्रमुख झाल्या. अंगाला न बसणारा सूट काय आणि आपले नसलेले साठ टक्के काय, दोन्हीत माणूस सारखं सावरत बसतं.

पुढे काय झालं?

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. ज्या कंपनीसाठी एवढा खल झाला, तिने भाचीला बोलावलंच नाही. अट साठची होती, तिथे ५८.४६ चाळणीतून खाली पडले. ताई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मलाही रुखरुख लागली, आपण पोरीचं नुकसान तर नाही ना केलं?

पण ती थांबली नाही. अट नसलेल्या किंवा जरा लहान कंपन्यांची यादी केली. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनींना पत्रं लिहिली, दूध संघाच्या कामाचं एक पान जोडलं. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. दोघींचं आलं. त्यातल्या एकीने तिचा बायोडेटा स्वतःच्या कंपनीत पुढे दिला. पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, खाद्यपदार्थांच्या उद्योगांना सल्ला देणारी. फॉर्म तसाच. बारावीच्या रकान्यात तिने ५८.४६ लिहिले. मुलाखतीला बोलावणं आलं. पाऊण तास केस, मग दूध संघावर प्रश्नांची सरबत्ती आणि अगदी उठता उठता, “बारावीला काय झालं?” तिने तीन वाक्यं सांगितली. समोरच्या बाई “ठीक” म्हणाल्या आणि पान उलटलं. बस्स. ज्या प्रश्नाने आमच्या घराची महिनाभर झोप उडवली होती, तो अर्ध्या मिनिटात संपला.

नोकरी मिळाली. पगार त्या मोठ्या कंपनीपेक्षा कमी आहे, पण काम तिला हवं तेच.

परवा पुन्हा ताईंचा फोन. “वहिनी, अगं पडताळणीचा मेल आलाय तिला. दहावीपासूनची सगळी मार्कशीटं मागितलीत.”

“मग?”

“मग काय! कपाटातून काढून फोटो पाठवले.” आणि मग लगेच, “तुमच्याकडे मेथी कशी जुडी आहे गं?”

वीस वर्षांपूर्वी त्या सोमवारी मी घरी बसून राहिले होते. आमची भाची जाणार आहे, मूळ सर्टिफिकेटं घेऊन.

मुलीचा अर्ज भरताना एवढं लक्षात ठेवा

• फॉर्मात विचारलेले मार्क मार्कशीटवर आहेत तेच लिहा. अर्धा टक्कासुद्धा वाढवू नका.

• बायोडेटात न विचारलेला कमी स्कोअर गाळला तर ते खोटं नव्हे. पण विचारलं तर लगेच आणि खरं सांगा.

• एकाच भागातला चांगला स्कोअर लिहायचा असेल, तर एकूण स्कोअर तोंडावर तयार असू द्या.

• अर्ज करण्याआधी अट नीट वाचा. अट नसताना उगाच घाबरू नका. अट असेल तर ओळखीतून, थेट पत्र लिहून किंवा लहान कंपनीतून वाट शोधा. कामाचा अनुभव वाढतो तसं मार्कांचं ओझं हलकं होतं.

• कमी मार्कांचं कारण तीन वाक्यांत सांगायचा घरी मोठ्याने सराव करा. ऐकायला आईने बसावं.

• गाळलेल्या ओळीच्या जागी मुलीने केलेलं खरं काम लिहा. दुकान, पतसंस्था, बचत गट, दूध डेअरी, काहीही चालेल. काय बिघडलं होतं आणि तिने काय सुधारलं, एवढं सांगा.